आय-लीग २०१६-१७ची खतावणी कशी लिहावी

ऐझॉल ३७, मोहन बागान ३६, ईस्ट बंगाल ३३, बंगळुरू ३०. २०१६-१७च्या आय-लीगचा, म्हणजे भारतातल्या क्लबांच्या तेव्हाच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा, गुणतक्ता उघडला की वरच्या चार ओळींत एवढंच हाती लागतं. मिझोरामचा लहानसा ऐझॉल पहिला आला, म्हणून लोक 'चमत्कारच झाला' म्हणतात आणि पुढं जातात. मला ते पटत नाही. मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. नुसती वर्षअखेरची बाकी बघून खातेदाराचं वर्ष कसं गेलं ते सांगता येत नाही, हे आमच्याकडं शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. त्यासाठी रोजकीर्द उघडावी लागते. जुने फुटबॉल हंगाम मी असेच वाचते. आधी रोजकीर्द (तारखेवार नोंद), मग खतावणी (प्रत्येकाचं वेगळं पान), मग तेरीज (सगळ्या बेरजांचा ताळा). ही रीत इथं देते आहे, कारण तिच्यासाठी वही, पेन्सिल आणि धीर यापलीकडं काही लागत नाही.

सुरुवातीला हाच हंगाम घ्या, असं मी मुद्दाम सांगते. संघ दहा, प्रत्येकाशी एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या, म्हणजे प्रत्येकी १८ सामने, एकूण ९०. इंग्लंडच्या लीगमधले ३८० सामने लिहिताना नवखा माणूस दिवाळीपर्यंत दमतो. ९० सामने नीट पुरे होतात. शिवाय या दहात महाराष्ट्राचे दोन संघ होते, मुंबई एफसी आणि पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. गोव्याचा एकच उरला होता, चर्चिल ब्रदर्स. तेव्हा हा हंगाम आपल्याही घरचा आहे.

मागील बाकी

पहिल्या पानावर पहिला सामना लिहू नका. तिथं मागील बाकी येते: कोण कुठून आलं, कोण का गेलं. नव्वद टक्के लोक हे पान गाळतात आणि नेमकं इथंच या हंगामाचं अर्धं मर्म आहे.

२०१५-१६ला लीगमध्ये नऊ संघ होते. ऐझॉल आठवा आला. नववा डीएसके शिवाजियन्स होता, पण तो कंपनीच्या थेट प्रवेशातून आलेला असल्यामुळं त्याला पदावनतीतून, म्हणजे खालच्या श्रेणीत ढकललं जाण्यातून, सूट होती. म्हणून खाली गेला तो ऐझॉल. म्हणजे पुढच्या वर्षी विजेता ठरलेला हा संघ मुळात या लीगमध्ये असायलाच नको होता.

मग तो परत कसा आला? अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं देशातल्या लीगची नवी रचना मांडली, तीत इंडियन सुपर लीग वर आणि आय-लीग तिच्याखाली असा बेत होता. त्याला विरोध म्हणून गोव्याचे साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे तिन्ही क्लब बाहेर पडले. धेंपो तर नुकताच दुसऱ्या श्रेणीतून जिंकून वर आला होता. राष्ट्रीय लीग १९९६ला सुरू झाली आणि २००७ला तिची आय-लीग झाली, त्या सगळ्या काळात धेंपोनं पाच वेळा, साळगावकरनं दोन वेळा आणि चर्चिलनं दोन वेळा ती जिंकलेली. नऊ विजेतेपदं गोव्यात गेली होती, आणि आता तिथले तीन क्लब एका फटक्यात नाहीत. जागा भरायला मिनर्वा पंजाब आणि चेन्नई सिटी यांना थेट घेतलं, चर्चिलला परत बोलावलं आणि ऐझॉलची पदावनती रद्द झाली. मिझोरामच्या आनंदाचं मूळ असं गोव्याच्या निषेधात आहे. हे पहिल्या पानावर लाल शाईनं लिहा.

त्याखाली ऐझॉलचं आणखी थोडं मागचं लिहा. १९८४चा हा क्लब. मिझोराम प्रीमियर लीग २०१२ला सुरू झाली. २०१४ला मिझोरामनं राज्यांच्या संघांचा संतोष करंडक जिंकला. २०१४-१५ला ऐझॉल दुसऱ्या श्रेणीत पहिला आला. मे २०१६मध्ये, पदावनतीचा शिक्का बसल्यावरही, हाच संघ फेडरेशन करंडकाच्या अंतिम सामन्यात पोचला आणि गुवाहाटीत मोहन बागानकडून ०-५ हरला. हे पाच-सहा टप्पे एकाखाली एक मांडले की पायऱ्या दिसायला लागतात.

याच पानावर दोन तारखा शेजारी-शेजारी लिहा. १८ डिसेंबर २०१६, कोचीत इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना. ७ जानेवारी २०१७, आय-लीगचा पहिला दिवस. मध्ये तीन आठवडेही नाहीत. ज्या संघांचे खेळाडू तिकडं गुंतले होते त्यांना एकत्र सराव किती मिळाला असेल ते यावरून समजतं. ऐझॉलचा बहुतेक संघ घरच्या पोरांचा होता.

रोजकीर्द

आता सामने. फुलस्केप वही आडवी धरा आणि रकाने आखा: तारीख, मैदान, यजमान, पाहुणा, गोल, गोल करणारे आणि मिनिट, शेरा. तारखेच्या क्रमानंच लिहा. एकेका संघाचे सामने शोधून लिहायचा मोह होतो, तो टाळा. मोहन बागानचा सामना शनिवारी आणि ऐझॉलचा रविवारी असेल, तर रविवारी मैदानात उतरताना ऐझॉलला आदल्या दिवशीचा निकाल माहीत होता. हे फक्त तारखेच्या क्रमातच दिसतं.

निकाल कुठून घ्यायचे? जुन्या हंगामांचे निकाल जपणारी आरएसएसएसएफसारखी संकेतस्थळं आहेत, महासंघाची तेव्हाची पत्रकं आहेत, आणि मोठ्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली असतात. निकाल दोन ठिकाणी जुळला तरच शाईनं लिहा, तोवर पेन्सिल. गोलचं मिनिट एका ठिकाणी ८३ आणि दुसऱ्या ठिकाणी ८४ असेल तर डोकं खाऊ नका, पण गोल कुणाच्या नावावर ते पक्कं करा.

नावांची एक मोठी अडचण आहे. ऐझॉलच्या खेळाडूंत राल्टे एकापेक्षा जास्त आहेत: झोमिंगलियाना राल्टे बचावात, लालदानमाविया राल्टे पुढं. नुसतं 'राल्टे' लिहिलं तर महिनाभरानं तुम्हाला तुमचीच वही कळणार नाही. आमच्या पेठेत दर दुसऱ्या घरी पाटील, तिथं आम्ही पूर्ण नावच लिहितो. मिझो नावंही पूर्ण लिहा, घाई करू नका. ती नावं लिहिता लिहिताच ती माणसं ओळखीची होतात.

मैदानाच्या रकान्यात गावाबरोबर पृष्ठभागही लिहा. कृत्रिम असेल तर 'कृ', गवत असेल तर 'ग'. ऐझॉलचं राजीव गांधी स्टेडियम कृत्रिम, शिलाँगचं कृत्रिम, मुंबई एफसीचं कूपरेज कृत्रिम, ईस्ट बंगालचं बारासातही कृत्रिम. मोहन बागान मात्र रवींद्र सरोवरच्या गवतावर. कोलकात्याचं सॉल्ट लेक त्या वर्षी १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी दुरुस्तीला काढलेलं होतं, म्हणून दोन्ही मोठे क्लब आपल्या नेहमीच्या मोठ्या मैदानाबाहेर होते. मोहन बागान-ईस्ट बंगालचे दोन्ही सामने तर सिलिगुडीत झाले, गावापासून शेकडो किलोमीटरवर. १२ फेब्रुवारीला ०-०, ९ एप्रिलला बागान २-१. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे आमचे तालीम संघ भिडतात तेव्हा शहरात काय असतं ते मी लहानपणापासून बघते. तो सामना कुणी दुसऱ्या जिल्ह्यात नेला तर यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे कागदापुरतंच उरेल. म्हणून अशा सामन्यांपुढं शेऱ्यात तसं स्पष्ट लिहा.

खतावणी

रोजकीर्द पुरी झाली की प्रत्येक संघाला एक पान द्या. रकाने चार: प्रतिस्पर्धी, निकाल, मिळालेले गुण, एकूण गुण. रोजकीर्दीतली प्रत्येक ओळ दोन पानांवर चढते, एकदा यजमानाच्या आणि एकदा पाहुण्याच्या. चढवली की रोजकीर्दीत बारीक खूण करा. हे काम कंटाळवाणं आहे, रेडिओ लावून करा.

मोहन बागान आणि बंगळुरू यांच्या पानावर एक जादा रकाना लागतो, कारण हे दोघं त्याच महिन्यांत एएफसी चषक ही आशियातल्या क्लबांची स्पर्धाही खेळत होते. बागानला तर त्याआधी कोलंबो एफसी आणि मालदीवच्या क्लब व्हॅलेन्सियाविरुद्ध पात्रता सामने खेळावे लागले, मग गटात पुन्हा बंगळुरू, मझिया आणि ढाक्याचा अबाहानी. ते सामने लीगच्या गुणांत धरायचे नाहीत, पण त्यांच्या तारखा त्या रकान्यात भरायच्या. दोन लीग सामन्यांच्या मध्ये परदेशवारी झाली की पुढच्या निकालाकडं वेगळ्या नजरेनं बघता येतं. ऐझॉलच्या पानावर हा रकाना कोरा राहतो.

तेरीज

पतसंस्थेत तेरीज जुळल्याशिवाय कुणी घरी जात नाही. इथंही तसंच.

सगळ्या संघांचे विजय मिळवा, सगळ्यांचे पराभव मिळवा, दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात. केलेले गोल आणि खाल्लेले गोल सारखे. बरोबऱ्यांची बेरीज सम असली पाहिजे, कारण प्रत्येक बरोबरी दोन पानांवर चढलेली असते. आणि गुणांची बेरीज अशी तपासा: निकाली सामन्यात ३ गुण वाटले जातात, बरोबरीत २. म्हणून ९० सामन्यांचे २७० गुण धरून त्यातून बरोबरीत सुटलेल्या सामन्यांची संख्या वजा करा. तेवढीच दहा संघांच्या गुणांची बेरीज यायला हवी. फरक एकाचा असेल तर कुठं तरी बरोबरी चुकली, दोनाचा असेल तर एखाद्या विजयाला एकच गुण दिला गेला. फरक शोधताना मागून पुढं या, चूक लवकर सापडते.

वाचायचं कसं

आता मेहनतीचं फळ. ऐझॉल आणि बागान यांची पानं शेजारी ठेवा.

ऐझॉल: ११ विजय, ४ बरोबऱ्या, ३ पराभव. गोल २४, खाल्ले १५.
बागान: १० विजय, ६ बरोबऱ्या, २ पराभव. गोल २७, खाल्ले १२.

बागाननं गोल जास्त केले, कमी खाल्ले, हरलेही कमी. तरी दुसरे आले. तीन गुणांच्या पद्धतीत दोन बरोबऱ्यांपेक्षा एक विजय आणि एक पराभव एका गुणानं महाग असतो. बागानच्या पानावर प्रत्येक बरोबरीखाली लाल रेघ मारा आणि त्या सहा सामन्यांचे तपशील रोजकीर्दीत परत वाचा. विजेतेपद तिथं गळालं. दोनच पराभव झालेल्या संघाला 'हरला' म्हणणं मला जड जातं, पण हिशेब तसा आहे.

यानंतर 'पुसून बघणं'. एखादा गोल पेन्सिलीनं खोडायचा आणि तिथून पुढची बाकी नव्यानं काढायची.

२२ एप्रिल २०१७, ऐझॉलच्या मैदानावर ऐझॉल आणि बागान समोरासमोर. सामन्याआधी दोघांचे ३३-३३ गुण, प्रत्येकाचे दोनच सामने उरलेले. ८३व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्टेनं हेडर मारला, ऐझॉल १-०. बाकी ३६ आणि ३३. आता तो गोल पुसा: ३४-३४. शेवटच्या दिवशी, ३० एप्रिलला, ऐझॉलनं शिलाँगमध्ये तिथल्या लाजाँग क्लबशी १-१ बरोबरी केली आणि बागाननं चेन्नई सिटीला २-१ हरवलं. म्हणजे ऐझॉल ३५, बागान ३७. एका बचावपटूच्या एका हेडरवर करंडक उभा आहे, आणि तो बचावपटू त्याच डोंगरातला.

दुसरा गोल शिलाँगचा. त्या दिवशी ऐझॉलला बरोबरी पुरेशी होती, पण नवव्या मिनिटालाच असेर पियरिक दिपांडानं लाजाँगला पुढं नेलं. तो त्या हंगामात सर्वाधिक, ११ गोल करणारा खेळाडू. मग ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलानं बरोबरी साधली. या दोन मिनिटांच्या मधली जवळपास साठ मिनिटं वहीत एका ओळीत बसतात, पण त्या वेळी कोलकात्यात बागानचा सामना चालू होता हे लक्षात ठेवून ती ओळ वाचा. मला अजून अंगावर काटा येतो.

हे खोडणं जपून करा. एक गोल नसता तर पुढचे सामने तसेच झाले असते असं कुणी म्हणू शकत नाही. एका क्षणाचं वजन किती, एवढंच त्यातून मोजायचं. पाचव्या-सहाव्या फेरीतले गोल खोडत बसलात तर पतंग उडवल्यासारखं होईल, शेवटच्या चार-पाच फेऱ्यांपुरतंच हे ठेवा.

माणसांचं पान

आकड्यांनंतर एक पान माणसांना द्या. या हंगामात ते सगळ्यात महत्त्वाचं आहे असं मला वाटतं.

ऐझॉलचे प्रशिक्षक खालिद जमील. त्याआधी अनेक वर्षं ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते, तिथून त्यांना २०१६ला निरोप मिळाला. त्यांच्यामागून मुंबई एफसीचेच दोन जुने खेळाडू ऐझॉलला आले: उजव्या बगलेवर आशुतोष मेहता, मधल्या फळीत मुंबईचा जयेश राणे. गोलरक्षक अल्बिनो गोम्स गोव्याचा. सीरियाचा महमूद अल-आमना, लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान, नायजेरियाचा एझे किंग्सली, आयव्हरी कोस्टचा कामो बायी. भोवती लालरुआथारा, चुल्लोवा, ब्रँडन अशी मिझो पोरं. प्रत्येक नावापुढं 'कुठून आला' लिहा. त्या रकान्यात बघा, दुसऱ्यांनी सोडून दिलेली किंवा दुसऱ्यांच्या नजरेत न भरलेली किती माणसं आहेत. निवड कुणी तरी डोळसपणे केली होती, हे त्यातून कळतं.

आणि आता मुंबई एफसीचं पान उघडा. त्याच हंगामात ते शेवटचे, दहावे आले आणि लीगबाहेर गेले. एकाच वहीत, एका माणसाच्या जुन्या आणि नव्या क्लबची ही दोन पानं आहेत. मला मुंबईच्या त्या क्लबबद्दल मनापासून वाईट वाटतं, कारण कूपरेजवर लीगचा सामना बघायला जायचं हे आपल्या पोरांचं हक्काचं ठिकाण होतं. जमील पुढं २०२५ला भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. ही नोंदही त्याच पानाच्या तळाशी करून ठेवा.

पुढची बाकी

शेवटच्या पानावर पुढच्या हंगामात काय ओढलं गेलं ते लिहायचं. मुंबई एफसी गेला. डीएसके शिवाजियन्सही बाहेर पडला. बंगळुरू इंडियन सुपर लीगमध्ये गेला. त्यांच्या जागी २०१७-१८ला नेरोका, गोकुलम केरळ आणि इंडियन ॲरोज आले. महाराष्ट्राचा एकही क्लब उरला नाही.

विजेत्या संघाचंही लिहा. जमील, अल-आमना, चुल्लोवा आणि ब्रँडन ईस्ट बंगालला गेले. कामो आणि किंग्सली मोहन बागानला, आणि लाजाँगचा दिपांडाही तिकडंच. राणे आणि मेहता कोलकात्याच्याच एटीकेला, अल्बिनो दिल्लीला, लालरुआथारा केरळ ब्लास्टर्सला. जार्यान राहिला. ज्या कोलकात्याला हरवून करंडक आणला त्याच कोलकात्यात अर्धा संघ गेला. लहान गावाच्या संघानं जिंकल्यावर त्याच्याकडं काय उरतं, हे या एका पानावरून कळतं.

वही पुरी झाली की लगेच २०१७-१८ घ्या. तिथं मिनर्वा पंजाब ३५ गुणांवर जिंकला आणि शेवटच्या दिवशी, ८ मार्च २०१८ला, मिनर्वा, नेरोका, ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या चौघांनाही संधी होती. त्या दिवसासाठी रोजकीर्द पुरणार नाही. एका मोठ्या कागदावर चार उभे रकाने आखा, डाव्या कडेला मिनिटं लिहा, आणि प्रत्येक गोलनंतर चौघांची बाकी नव्यानं काढा.